शंभर कोंबड्यांची बाटली

"येशील तेव्हा तुझ्याकडचा थर्मास घेऊन ये," असा आक्काचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. दवाखान्यात चहा-दूध न्यायला माणसे थर्मास मागतात. मी घाबरून विचारले, "कोण आजारी पडलंय?" आक्का हसली. म्हणाली, "कुणी पडलं नाही. कुणी पडू नये म्हणून पाहिजे. कोंबड्यांचं औषध आणायचंय."

आम्ही सुरतेला, उधन्यात राहतो. खानदेशातली किती तरी कुटुंबे इथे लूमवर पोट भरतात, त्यातलेच आमचे एक. एक खोली, तिच्यापुढे चार फुटांची ओटी आणि ओटीपुढे गटार. इथे कोंबडी पाळायची म्हटली तर माणसांच्या डोक्यावरच बसवावी लागेल. थर्मास आमच्या मालकांचा. तीस वर्षे रातपाळीला चहा त्यातून गेला. त्यांचे काम सुटल्यापासून तो फळीवर उलटा पडून होता. मी तो गरम पाण्याने तीनदा धुतला, चहाचा वास जाईपर्यंत उन्हात ठेवला आणि पिशवीत घालून गाडीत बसले.

उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी म्हणजे आमची माहेरची वाट. चलथाण, बारडोली, मढी, व्यारा. बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. सोनगड सोडले की जमीन उंचसखल होते, सागाची झाडे दिसू लागतात, डब्यात टोपल्या, कुऱ्हाडी आणि पायात दोरी बांधलेले कोंबडे चढतात. मग नवापूर.

नवापूरचे स्टेशन पाहण्यासारखे आहे. रूळ आधी पडले, स्टेशन आधी बांधले गेले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली तेव्हा हद्द नेमकी स्टेशनातून गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. एक बाक तर असा आहे की, त्याच्या एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात आणि दुसऱ्या टोकाचा गुजरातेत. येणारे-जाणारे तिथे बसून फोटो काढून घेतात. मी उतरले तेव्हा त्या बाकाखाली एक भुरी कोंबडी दाणे टिपत होती. इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. तिला कुणी तिकीट विचारले नाही की राज्य विचारले नाही. तेव्हा मला गंमत वाटली. दोन दिवसांनी त्याच गोष्टीचा मला वेगळा अर्थ लागला.

स्टेशनवरून रंगावली नदीच्या पुलापर्यंत चालत आले. तिथून जीप. पाऊस सरून महिना झाला होता. भात कापून झाले होते, तुरीला पिवळी फुले आली होती. अर्ध्या तासात गावच्या फाट्यावर उतरले.

"ये व माय, कशी शेस?" आक्काने दारातूनच हाक दिली आणि माझ्याआधी पिशवीतला थर्मास काढून घेतला!

आक्काची वस्ती गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे आहे. बावीस घरे. मधे लहानसे विहार. ओढ्यापलीकडे आदिवासी बांधवांचा पाडा. वस्तीत कुणाच्या नावावर शेत नाही. पुरुषमंडळी नवापूरच्या डाळमिलमध्ये, नाही तर ऊसतोडीला. बायका दुसऱ्याच्या रानात निंदणी-कापणीला. पण प्रत्येक घरामागे परस आहे. कुठे पंधरा फूट, कुठे वीस फूट. न्हाणीचे पाणी जिरते तिथे केळ, कुंपणाला शेवगा. आक्काची सून म्हणते, "मावशी, आमच्याकडे सातबारा नाही, पण परस आहे. कोंबडीला सातबारा लागत नाही."

या सूनबाईच्या जिद्दीपायीच मला बोलावणे आले होते. या घरात कोंबड्या पाळायचा हा तिसरा प्रयत्न होता.

पहिल्या कोंबड्या आक्काच्या. चौदा होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या मोठमोठ्या शेडांतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल जाहीर झाला, बर्ड फ्लू. भारतात हा रोग पहिल्यांदाच सापडला होता. रोग पसरू नये म्हणून भोवतालच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. आधी एक माणूस वही घेऊन घरोघर कोंबड्या मोजून गेला. मग पांढऱ्या पोशाखातली, तोंड बांधलेली माणसे आली. आक्का म्हणते, "करायलाच पाहिजे होतं, ते आता कळतं. पण तेव्हा पोरं रडत होती. त्या दिवसापासून वस्तीत कुणी कोंबड्या मोजायला आलं की बाया म्हणतात, आमच्याकडे नाहीत."

दुसरा प्रयत्न सूनबाईचा. मोटारसायकलवर जाळीचे खोके बांधून एक जण आला. गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिले. "दोन महिन्यांत अंडी देतील," म्हणाला. सूनबाईने बचत गटातून दोन हजार उचलले आणि तीस पिले घेतली. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, रंग लावलेले पिलू हे बहुधा मोठ्या उबवणी केंद्रात नको असलेला नर असतो. त्याला लस दिलेली असेलच याचा भरवसा नसतो. आणि कोणतीही कोंबडी दोन महिन्यांत अंडी देत नाही. चांगल्या जातीची असली तरी पाच-सहा महिने लागतात. पहिल्या आठवड्यात बारा पिले थंडीने गेली. उरलेली मोठी झाली आणि मार्चमध्ये मान वाकडी करून, हिरवी हगवण लागून पाच दिवसांत सगळी संपली. हीच ती मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. कर्ज मात्र मेले नाही. ते तिने निंदणीच्या मजुरीतून वर्षभर फेडले.

म्हणून तिसऱ्या वेळी तिने आधी शिकून घेतले. बचत गटातून पशुसखीचे प्रशिक्षण केले आणि मग हात घातला. तिने काय काय केले ते मी पाहिले तसे सांगते. परसात कोंबड्या ठेवायचा विचार असेल त्या भगिनींच्या उपयोगी पडेल.

पक्ष्यांच्या आधी तिने खुराडे केले. मोडलेल्या दरवाजाच्या फळ्या आणि बांबू घेऊन चार फूट लांब, तीन फूट रुंद खोके. जमिनीपासून दोन फूट उंच, खांबांवर. विकत आणली ती फक्त बारीक जाळी. बोट जाईल एवढी फटसुद्धा ठेवली नाही, कारण मुंगसाला तेवढी पुरते. आत आडवी काठी, कोंबड्या रात्री तिच्यावर बसतात. कोपऱ्यात पेंढा घातलेले जुने टोपले, अंडी घालायला. खाली पडलेली विष्ठा सकाळी ओढून शेवग्याच्या बुंध्याला. दहा पक्ष्यांना रात्रीपुरती एवढी जागा पुरते. दिवसभर ती मोकळीच असतात. "कोंबडी दिवसा आपलं पोट भरते, रात्री आपण तिला सांभाळायची," असे सूनबाईचे गणित आहे.

पक्षी तिने बाजारातून आणले नाहीत. बाजारात माणूस चांगली कोंबडीही विकतो आणि सुस्तावलेलीही विकतो. तिने माहेरून आठ तलंगा आणि एक कोंबडा आणला. ओळखीचे घर, तिथे वर्षभर रोग नव्हता याची खात्री. आणल्यावर पंधरा दिवस डालग्याखाली वेगळे ठेवले, मग वस्तीत सोडले. सुरुवातीला एवढेच पुरे. पन्नास-शंभराचा नाद पहिल्या वर्षी करू नये. दिवस पाऊस सरल्यावरचे निवडले. भर पावसात ओल आणि जंत, भर उन्हाळ्यात पाण्याचे हाल.

जातीविषयी मी विचारले. गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया ही नावे आपणही ऐकतो. गिरीराज बंगळूरच्या विद्यापीठात तयार झाली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन केंद्रात. त्या वर्षाला शंभराच्या वर, काही दीडशेच्या आसपास अंडी देतात. गावठी कोंबडी पन्नास-साठच देते. मग गावठी का? सूनबाई म्हणाली, "मावशी, त्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिलं पाहिजेत तर दर वेळी विकत आणावी लागतात, लहानपणी बल्बची ऊब द्यावी लागते. आमच्याकडे लाइट जाते. गावठी आई स्वतःच बल्ब आहे. शिवाय घार आली की ती पळते, अंगानं जड असलेली कोंबडी सापडते. आधी गावठीवर हात बसू दे, मग त्या आणीन."

पण ज्यांना विकतची पिले आणायची असतील त्यांच्यासाठी तिचे सांगणे असे: शासनाच्या उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून, पहिल्या दिवसाची लस दिलेली घ्यावीत. खोक्यात भाताचे तूस पसरून वर दोन दिवस वर्तमानपत्र घालावे. बल्ब लावावा. पिले बल्बाखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पसरली तर ऊब बरोबर आहे. आल्याबरोबर गुळाचे पाणी, मग मक्याचा भरडा. पाण्याची ताटली उथळ असावी आणि तिच्यात खडे टाकावेत, नाही तर पिले बुडतात. महिनाभर तरी ही ऊब हळूहळू कमी करत द्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नवापूरला गेलो. बर्फवाल्याकडून बर्फ घेतला, फोडून थर्मासात भरला, आणि जनावरांच्या दवाखान्यातून लासोटाची बाटली आणली. बोटभर उंचीची काचेची बाटली, तळाला चिमूटभर पांढरी वडी. सोबत ते विरघळवायचे पाणी. मी म्हटले, "एवढीशीच?"

"ही शंभर कोंबड्यांची आहे," सूनबाई म्हणाली.

"आणि आपल्या किती?"

"नऊ."

जीपमध्ये तिने मला समजावले. ही लस जिवंत असते. गरम झाली की मरते, म्हणून बर्फ. एकदा फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्याला ठेवता येत नाही. एका घराच्या नऊ कोंबड्यांसाठी शंभरांची बाटली फोडायची म्हणजे एक्याण्णव थेंब फेकायचे. बरे, आपल्या नऊंना दिली आणि शेजारच्यांना नाही, तर शेजारच्या परसात रोग घुमत राहणार. कोंबड्या कुंपण मानत नाहीत. शेजारची आपल्या उकिरड्यावर येते, आपली तिच्या. आपली पिले लस घ्यायच्या वयाची व्हायच्या आत त्यांना रोग गाठतो. "मागच्या वेळी मी माझ्याच कोंबड्यांचा विचार केला, मावशी. एका घराची कोंबडी वाचत नसते. वाचली तर वस्तीची वाचते."

मला स्टेशनच्या बाकाखालची भुरी कोंबडी आठवली.

औषध संध्याकाळी द्यायचे होते. पक्षी घरी येतात, अंधारात शांत बसतात आणि हवाही गार असते. पण त्याआधी मोजणी हवी. सूनबाई वही घेऊन निघाली आणि मी मागे. पहिल्याच दारात आमचे बोलणे खुंटले. परसात पाच कोंबड्या डोळ्यांना दिसत होत्या आणि घरची बाई म्हणत होती, "आमच्या नाहीत त्या." दुसऱ्या घरी, "होत्या, विकल्या." तिसऱ्या घरी दार लावून घेतले आणि आतून कॉक-कॉक ऐकू आले. एक म्हातारा स्पष्टच बोलला, "मोजायला आले तेव्हा मारायला आले होते. आता तू कशाला मोजतेस, पोरी?"

सूनबाईचे तोंड उतरले. ती घरी आली आणि वही पाट्यावर टाकली. तेव्हा आक्का उठली. खुराड्यातला कोंबडा काखेत धरला आणि विहाराच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हणाली, "माझ्या चौदा गेल्या तेव्हा तुम्ही सगळे बघत होता. मी आज माझ्याच कोंबड्याच्या डोळ्यात पहिला थेंब टाकून घेते. मेला तर माझा मेला. वही फाडून टाकते, मोजत नाही कुणाच्या. थर्मास तुमच्या दारात येईल. द्यायचं तर द्या, नाही तर नका देऊ."

वही खरेच घरी ठेवली. सूर्य मावळल्यावर बाटली फोडली आणि आम्ही निघालो. मी थर्मास धरला होता, सूनबाईच्या हातात ड्रॉपर, आक्काच्या हातात साबण आणि पाण्याची बादली. एका परसातून दुसऱ्या परसात जाताना हात आणि पाय धुवायचे, असा सूनबाईचा दंडक. नाही तर औषधाबरोबर रोगही आपणच पोचवायचो. सगळ्यांच्या कोंबड्या विहारापुढे का गोळा केल्या नाहीत, त्याचेही कारण हेच.

त्या संध्याकाळी मी बावीस घरांचे परस पाहिले. माणसाचे घर पुढून पाहावे आणि संसार मागून, असे म्हणायला हरकत नाही. एका घरी कोंबड्या शेवग्यावर झोपत होत्या, पोराने शिडी लावून एकेक उतरवून दिली. त्या घरच्या दर पावसाळ्यात दोन-तीन रानमांजर नेते. सूनबाईने तिथेच खुराड्याचे माप सांगितले. दुसऱ्या घरी एका खड्ड्यात चुलीची राख आणि कोरडी माती घातली होती. कोंबड्या त्यात लोळतात आणि त्यांच्या अंगावरच्या उवा जातात. एका आजीने मडक्यात ओले गोणपाट आणि शेण भरून ते वारुळाजवळ पालथे घातले होते. सकाळी त्यात वाळवी भरलेली असते. पिलांना त्यासारखे फुकटचे सकस खाणे नाही. कुणी अंड्यांची टरफले भाजून, कुटून घालत होते, त्याने अंड्याचे कवच घट्ट होते. हे सगळे ज्ञान त्या वस्तीतच होते, फक्त एकेका परसात एकेक कोंडलेले. थर्मासाच्या निमित्ताने ते या घरचे त्या घरी गेले.

एका घरी कोंबडी खुडूक बसली होती. टोपल्यात पेंढा, पेंढ्यात बारा अंडी, आणि अंड्यांमध्ये एक लोखंडी खिळा आणि कोळसा. विजेच्या कडाडण्याने अंडी नासू नयेत म्हणून! घरची लेक कॉलेजला जाणारी. ती लाजून म्हणाली, "आजी ठेवते." सूनबाई हसली नाही. तिने मोबाइलचा दिवा लावून एक अंडे त्याच्यापुढे धरले. आत लाल रेषांची जाळी दिसली, मधे ठिपका हलत होता. आजीला दाखवले. दुसरे अंडे धरले, ते नुसते स्वच्छ पिवळे. "आजी, हे खिळ्यानं नासलेलं नाही अन् खिळ्यानं वाचणारही नाही. यात जीवच धरलेला नाही. सातव्या-आठव्या दिवशी असं बघायचं आणि रिकामी अंडी काढून टाकायची. एकविसाव्या दिवशी बाकीची फुटतील." आजी बराच वेळ त्या लाल जाळीकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच खिळा उचलून भिंतीत ठोकायला पोराकडे दिला.

औषध द्यायची रीत साधी आहे. कोंबडी काखेत धरायची, डोके आडवे करायचे, एका डोळ्यात एक थेंब. तिने डोळा मिटून उघडला की सोडायची. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला द्यायचे नाही. मोठ्या पक्ष्यांना टोचायची लस वेगळी असते, ती जाणत्याच्या हातूनच घ्यावी. आणि ही लस मानमोडीची आहे, बर्ड फ्लूवर तिचा उपयोग नाही. नवापूरला २०२१ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू पुन्हा आलाच होता. म्हणून एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर उघड्या हाताने शिवू नये, ओढ्यात फेकू नये, कापून खाऊ तर नयेच. दवाखान्याला कळवावे. लपवाछपवीने रोगच वाढतो. हे सूनबाई प्रत्येक दारात सांगत होती, आणि २००६ पाहिलेली माणसे खाली मान घालून ऐकत होती.

थर्मासातला बर्फ वितळत आला तेव्हा ओढ्यापलीकडून दोन बायका कंदील घेऊन आल्या. पाड्यातल्या होत्या. "आमच्याकडे येता का?" आम्ही गेलो. सगळे संपले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. मोजायचे नाही असे ठरले होते, पण मी मनातल्या मनात थेंब मोजले होते. चौऱ्याहत्तर. उरलेले औषध सूनबाईने बाटलीसकट पाण्यात उकळले आणि खड्ड्यात पुरले.

जेवताना मी आक्काच्या सासूबाईंना विचारले. नव्वदीला टेकल्या आहेत, पण बोलणे खणखणीत. "आत्या, आपण पंचशील म्हणतो, जीव मारणार नाही म्हणतो. मग कोंबड्या पाळणं कसं?" त्या थोडा वेळ चावत राहिल्या. म्हणाल्या, "छप्पनच्या आधी आमच्या घरचं कोंबडं मरीआईला जायचं. पोर तापलं की कोंबडं, पटकी आली की कोंबडं. पोराच्या तोंडात कधी अंडं गेलं नाही. धम्म घेतला आन् सुरी ठेवली. आता अंडं पोराच्या ताटात जातं, आन् उरलं ते पोराच्या वहीला जातं. खायचं न खायचं ज्याचं त्यानं बघावं. पण पाळलेला जीव तहानेनं, रोगानं मरू देणं, ते तर कुठल्याच धरमात बसत नाही."

हिशेबही सांगते, नाही तर वाचकांना वाटेल कोंबड्या पाळल्या की माडी चढते. आठ कोंबड्या, प्रत्येकीची वर्षाला पन्नास-साठ अंडी, म्हणजे चारशे-साडेचारशे. त्यांतली शंभरेक उबवायला, काही घरच्या पोरांना, काही फुटायची. उरलेली विकायची. आक्काच्या गावी गावठी अंडे दहा-बारा रुपयांना जाते. शिवाय वर्षाकाठी पाच-सात कोंबडे. खर्च म्हणाल तर संध्याकाळी मूठ-मूठ कणी किंवा ज्वारी, तीही मुख्यतः त्यांना घरी बोलवायला. यात कुणी श्रीमंत होत नाही. पण हे पैसे बाईच्या हातात येतात. वह्या, एस. टी. चा पास, डोकेदुखीची गोळी, यांसाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पदराला बांधलेली गाठ म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. परसाच्या कुंपणापाशी एक बाई उभी. काल दार लावून घेतलेल्या त्याच. आक्काशी त्यांचे तीन वर्षांपासून बोलणे नव्हते. आक्काच्या कोंबड्यांनी त्यांची मेथी उकरली होती, तेव्हापासून. पदराखाली दोन कोंबड्या. म्हणाल्या, "थेंब उरला असंल का?"

उरला नव्हता. रात्रीच उकळून पुरला होता. सूनबाईने आक्काकडे पाहिले, आक्काने माझ्याकडे. काही तरी देऊन वेळ मारून नेता आली असती, पण सूनबाई खोटे बोलली नाही. म्हणाली, "काकू, ते आता चालत नाही. महिन्याभरानं दुसरा डोस आहे, तेव्हा पहिलं तुमचं दार. तोवर नवं पाखरू आणू नका आणि पाणी उकिरड्यावरचं पिऊ देऊ नका." आक्का काही बोलली नाही. आत गेली आणि चहाचे आधण ठेवले. तीन कपांचे होते, चार कपांचे केले.

थर्मास मी तिथेच ठेवून आले. मालकांना काय सांगायचे याचा विचार गाडीत करत होते, पण त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "किती कोंबड्यांना पुरलं?"

महिन्याभराने आक्काचा फोन आला. दुसऱ्या डोसाला एक बाटली पुरली नाही, म्हणाली. काकूंनी स्वतः पाड्यातून सगळ्यांना बोलावून आणले. आता दर तीन महिन्यांनी तारीख ठरवली आहे, आणि बर्फाचे पैसे दर घरी दोन रुपये. सूनबाईच्या पहिल्या कोंबडीने दहा पिले काढली. एक घारीने नेले, एक मुंगसाने. "नऊ घरांत खुराडी झाली," आक्का म्हणाली, "तुझा थर्मास परत कधी पाठवू?"

मी म्हटले, "राहू दे. इथे चहा आता दिवसाच होतो."

भगिनींनो, तुमच्या घरामागे हातभर जागा असेल आणि कोंबड्या पाळाव्यात असे मनात असेल, तर आधी पिले आणायला धावू नका. आधी खुराडे करा. मग शेजारच्या दारात जा. मेथीवरून भांडण झाले असेल, तर आधी त्याच दारात जा. बाटली शंभर कोंबड्यांची असते, आणि शंभर कोंबड्या काही एका परसात मावत नाहीत.